नव्या लिनक्स वापरकर्त्याला कर्नल कंपाइल करावा लागतो का? त्याआधी काय काय बघायचं

लिनक्स टाकलं, वायफाय लागत नाही किंवा स्पीकरमधून आवाज येत नाही, म्हणून कुणाला विचारायला जावं, तर कुणीतरी जाणकार सांगतो, "कर्नल रिकंपाइल कर, होईल." कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, आणि कंपाइल करणं म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून, म्हणजे सोर्समधून, तो स्वतः बांधणं. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा टर्मिनल उघडलेल्या माणसाला हा सल्ला देणं मला चुकीचं वाटतं. त्यातले बरेच जण दोन रात्री झगडतात, मशीन बूट होईनासं होतं आणि विंडोजवर परत जातात. त्यांचं मूळ दुखणं बहुतेक वेळा एखाद्या फाइलचं किंवा एखाद्या सेटिंगचं असतं.

माझं पोट एम्बेडेड बोर्डांच्या, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या, कामावर चालतं. तिथे कर्नल बांधणं रोजचंच आहे आणि मला ते आवडतंही. तरीही माझं मत ठाम आहे: ज्याला फक्त लॅपटॉप वापरायचा आहे त्याच्यावर कर्नल कंपाइल करायची वेळ येता कामा नये. ते काम डिस्ट्रोचं, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचं, आहे आणि आजच्या डिस्ट्रो ते चोख करतात. कंपाइल करायचंच असेल तर शिकण्यासाठी, आपल्या मर्जीने आणि सुरक्षित जागी करावं. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. आधी कंपाइल न करता प्रश्न सोडवायच्या पायऱ्या आहेत आणि ज्यांना शिकायचंच आहे त्यांच्यासाठी शेवटी कंपाइल करायची रीत.

एक सूचना. इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः उबुंटू, मिंट आणि डेबियनची आहेत, कारण नवी मंडळी बहुधा तिथूनच सुरुवात करतात.

हा सल्ला आला कुठून

सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. त्याचा काळ वेगळा होता, इतकंच. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणारे कोडचे भाग, थेट कर्नलमध्येच बांधलेले असत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत. त्या टाकून बघणाऱ्यांना साउंड ब्लास्टर कार्ड चालवायचं असेल तर त्याचा आयआरक्यू आणि डीएमए क्रमांक कर्नल बांधतानाच भरावा लागे. 'मेक कॉन्फिग' म्हटलं की एकामागून एक प्रश्न येत आणि मागे जायची सोय नसे. मध्येच चुकीचं उत्तर गेलं की कंट्रोल-सी दाबून पहिल्यापासून सुरुवात. मशीनमध्ये चार किंवा आठ एमबी रॅम असायची, म्हणून नको ते ड्रायव्हर काढून कर्नल लहान ठेवण्याला खरोखर अर्थ होता. सगळं नीट बांधून 'लिलो' ही कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, तर मशीन उठायचंच नाही.

पुढे मॉड्यूल आले. ड्रायव्हर वेगळ्या फाइलमध्ये राहू लागला आणि हवा तेव्हाच मेमरीत येऊ लागला. त्यानंतर बूट होताना लागणारे ड्रायव्हर बरोबर घेऊन येणारी इनिटरॅमएफएसची सोय झाली. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मधली. तेव्हापासूनच एक तयार कर्नल आणि त्याच्यासोबत हजारो मॉड्यूल अशी रचना सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी पक्की झालेली आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये नसलेल्या कार्डांचे ड्रायव्हर डिस्कवर पडून असतात, पण मेमरी खात नाहीत. त्यामुळे 'फालतू ड्रायव्हर काढले की मशीन पळतं' हे जुनं कारण आता उरलेलं नाही.

वेगासाठी कंपाइल करावं का, असंही पुष्कळ जण विचारतात. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. फायरफॉक्स हळू चालत असेल तर रॅम आणि डिस्क बघा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कोणत्याही कर्नलने पडणार नाही. संगीत रेकॉर्ड करणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांना रिअल-टाइम पॅच, म्हणजे मूळ कोडमधला बाहेरचा बदल, लावून कर्नल बांधावा लागे. तो पॅच कित्येक वर्षं बाहेर राहिला आणि शेवटी २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत, मूळ कर्नलमध्ये आला.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं तो, न पुसलेला.
- इंटरनेटचा दुसरा रस्ता. वायफाय बंद असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन लिनक्सला वायरच्या नेटवर्कसारखे दिसतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.
- विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, ४८ अंकी असते. कागदावर उतरवून ठेवा. याचं महत्त्व पायरी ५ मध्ये कळेल.
- लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, खालच्या स्टिकरवरून. जाहिरातीतलं नाव नको. एकाच नावाखाली तीन-तीन वेगळी वायफाय कार्डं विकली जातात.
- घरातल्या फोटोंची, कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

पायरी १: त्रास एका वाक्यात लिहा

"लिनक्स नीट चालत नाही" यावरून कुणालाच काही सुचणार नाही. "वायफायची यादीच दिसत नाही", "यादी दिसते पण पासवर्ड टाकल्यावर जोडत नाही", "झाकण बंद करून उघडलं की स्क्रीन काळीच राहते", ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे. सोबत सध्याचा कर्नल कोणता ते लिहा. त्यासाठी आज्ञा 'यूनेम -आर', स्पेलिंग यू-एन-ए-एम-ई. ६.८ किंवा ६.१२ ने सुरू होणारा आकडा दिसेल. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

वायफायसाठी इथेच दोन गोष्टी बघून घ्या. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या, स्पेलिंग आर-एफ-के-आय-एल-एल. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' आलं तर लॅपटॉपवरचं बटण किंवा एफ-रांगेतली विमानाच्या चित्राची कळ दाबलेली आहे. आणि विंडोजसोबत लिनक्स असेल तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि लिनक्समध्ये ते मेल्यासारखं दिसतं.

पायरी २: आत कुठलं कार्ड आहे आणि त्याला ड्रायव्हर मिळाला का

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच, म्हणून जरा सावकाश सांगतो. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' द्या. सगळी अक्षरं जोडून लिहायची, मध्ये फक्त एक मोकळी जागा आणि डॅश. यूएसबीवर लागणाऱ्या वस्तूसाठी 'एलएसयूएसबी'. लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' शब्द असलेली ओळ शोधा.

समजा, ओळीत रिअलटेक आरटीएल८८२१सीई असं नाव आहे आणि शेवटी चौकोनी कंसात १०ईसी:सी८२१ असं लिहिलंय. कंसातली जोडी ही त्या कार्डाची खरी ओळख. पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. शोधायचं तर नावाने शोधू नका, या जोडीने शोधा. त्या ओळीखाली जरा आत सरकवलेल्या दोन-तीन ओळी असतात. तिथे तीनपैकी एक स्थिती दिसेल.

'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे. म्हणजे ड्रायव्हर आहे, लागलेलाही आहे. दुखणं फर्मवेअरचं, बटणाचं किंवा सेटिंगचं. कर्नलला हात लावायचं कारणच नाही.

'कर्नल मॉड्यूल्स' ओळ आहे, पण 'इन यूज' नाही. ड्रायव्हर डिस्कवर आहे, काहीतरी त्याला अडवतंय. बहुधा फर्मवेअर मिळालेलं नाही, किंवा सिक्युअर बूटने, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देणाऱ्या सोयीने, मॉड्यूल नाकारलंय, किंवा ते ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे न चढवायच्या यादीत, गेलंय.

दोन्ही ओळी नाहीत. या कर्नलमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हरच नाही. "कंपाइल कर" हा सल्ला याच स्थितीत दिला जातो. इथेही कंपाइल हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे.

हेच रिअलटेक कार्ड उदाहरणादाखल घेऊ, कारण त्याने हजारो लोकांना छळलं. २०१९-२० च्या सुमारास विकल्या गेलेल्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ते होतं. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या उबुंटू २०.०४ मध्ये ५.४ कर्नल होता आणि त्यात या चिपचा ड्रायव्हर नव्हता. तो मूळ कर्नलमध्ये आला ५.९ मध्ये, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात. त्या काळात लोकांनी कर्नलच्या सोर्ससोबत रात्री घालवल्या. खरं तर उबुंटूच्याच पॅकेजांच्या भांडारात त्या ड्रायव्हरचं डीकेएमएस पॅकेज होतं (डीकेएमएस काय ते पायरी ५ मध्ये), आणि थोडं थांबल्यावर डिस्ट्रोचा नवा कर्नल आला तेव्हा त्याचीही गरज उरली नाही.

पायरी ३: फर्मवेअर बघा

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डाच्या आत चालतं. कार्ड सुरू होताना ड्रायव्हर ती फाइल 'लिब' फोल्डरातल्या 'फर्मवेअर' फोल्डरातून उचलून कार्डात भरतो. फाइल नसेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, कार्ड गप्प. कर्नल शंभर वेळा कंपाइल केला तरी ती फाइल आपोआप येणार नाही.

तपासायला 'सुडो डीमेसेज' द्या (सुडो म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं), डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी, आणि येणाऱ्या मजकुरात 'फर्मवेअर' शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं की समजा काम सोपं आहे. उणे दोनचा अर्थ इतकाच की फाइल सापडली नाही. कोणती ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

उबुंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज असतंच, फक्त ते अद्ययावत करा. डेबियनचं थोडं वेगळं. कंपन्यांचं बंद फर्मवेअर आधी तिथे इन्स्टॉलरमध्ये नसायचं. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, ते मुख्य इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याहून जुनी सीडी किंवा जुना लेख घेऊन बसलात तर उगीच अडाल.

आवाजाचंही असंच. नव्या इंटेल लॅपटॉपवर आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी नुसतं 'डमी आउटपुट' दिसतं, माइक गायब असतो. बहुतेक वेळा साउंड ओपन फर्मवेअर नसतं म्हणून. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड', सॉफचं स्पेलिंग एस-ओ-एफ. ते टाका, मशीन रीस्टार्ट करा.

पायरी ४: नवा कर्नल हवा असेल तर तयार घ्या

पायरी २ मधली तिसरी स्थिती निघाली, म्हणजे ड्रायव्हरच नाही, तर आधी शोधा की तो कोणत्या आवृत्तीत आला. कंसातली जोडी टाकून शोधलं की बहुधा कळतं. मग तो आकडा आणि तुमचा 'यूनेम'चा आकडा ताडून बघा. तुमचा जुना असेल तर नवा कर्नल हवा, पण तो कंपाइल केलेलाच असायला हवा असं कुठे आहे? दुसऱ्या कुणीतरी तो बांधून, तपासून, सही करून ठेवलेला आहे.

उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी हार्डवेअर एनेबलमेंट (एचडब्ल्यूई) नावाचा, नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल असतो. उबुंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ घेऊन आलं, पुढे २४.०४.२ मध्ये ६.११ आणि २४.०४.३ मध्ये ६.१४ आलं. पॅकेजचं नाव 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४'. मिंटमध्ये तर टर्मिनलही लागत नाही. अपडेट मॅनेजर उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'लिनक्स कर्नल्स', हवा तो निवडा. डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स हे नव्या आवृत्त्यांचं भांडार चालू करून तिथला कर्नल घ्या. फेडोरा त्याच आवृत्तीतही नवे कर्नल देत राहतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी येतो.

डिस्ट्रोचा कर्नल घेण्याचं मोठं कारण सुरक्षेचं आहे. स्थिर कर्नलच्या दुरुस्त्या जवळजवळ दर आठवड्याला निघतात. पॅकेजमधून घेतलेल्या कर्नलला त्या नेहमीच्या अपडेटबरोबर मिळतात. स्वतः बांधलेल्या कर्नलला कुणीही अपडेट पाठवत नाही; दर दुरुस्तीला पुन्हा सोर्स आणा, पुन्हा बांधा. परीक्षा आली, नोकरीची धावपळ सुरू झाली की ते राहून जातं आणि त्याच जुन्या कर्नलवर बँकेचे व्यवहार चालू राहतात. नव्या माणसाने कंपाइल करू नये असं मी म्हणतो ते मुख्यतः यामुळे.

लॅपटॉप घ्यायचा बाकी असेल तर एक उपाय याहूनही सोपा आहे. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल टाळा, किंवा दुकानदाराची परवानगी काढून लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून वायफाय, आवाज, टचपॅड आणि झोपून उठणं तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी ५: डीकेएमएस आणि सिक्युअर बूट

काही ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये नसतात. काही ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा, एनव्हिडियाचा स्वतःचा, काही यूएसबी वायफाय डाँगलांचे. यांच्यासाठी डीकेएमएस आहे. डेल कंपनीने सुरू केलेली ही सोय. ती फक्त तो एक मॉड्यूल कंपाइल करते, अख्खा कर्नल नाही, आणि नवा कर्नल आला की आपणहून पुन्हा करते. तुम्हाला सोर्सकडे बघायचीही गरज नाही. उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तुमचं कार्ड तिथे दिसलं तर तिथूनच टाका. कुठल्या तरी साइटवरून अनोळखी स्क्रिप्ट आणून 'सुडो'ने चालवू नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडकतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना उबुंटू तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतं. लोकांना वाटतं हा नेहमीचाच, कशासाठी ते न वाचता काहीतरी टाकून पुढे जातात. मशीन रीस्टार्ट होतं, निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' असं लिहिलेली. मॉक (एमओके) म्हणजे मशीन ओनर की, मशीनच्या मालकाने मान्य केलेली सहीची किल्ली. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते. लोक घाबरून काहीच दाबत नाहीत किंवा पहिला पर्याय, 'कंटिन्यू बूट', निवडतात. ड्रायव्हर टाकलेला असतो पण चालत नाही. हाताने चढवायला गेलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येतं. मग कुणीतरी म्हणतं, कर्नल कंपाइल कर.

करायचं इतकंच: त्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मॉक', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग मघाशी ठरवलेला पासवर्ड, मग रीबूट. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही आणि कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून विशेष चिन्हं नसलेला साधा पासवर्ड ठरवा. स्क्रीन हुकली असेल तर 'सुडो मोकयुटिल --इंपोर्ट' (स्पेलिंग एम-ओ-के-यू-टी-आय-एल) या आज्ञेपुढे 'वार, लिब, शिम-साइन्ड, मोक' या फोल्डरातल्या 'एमओके.डेर' फाइलचा पत्ता देऊन तीच प्रक्रिया पुन्हा सुरू करता येते. या फाइलच्या नावातली एमओके ही अक्षरं मात्र मोठी आहेत.

"सिक्युअर बूट बंदच करून टाक" असंही सांगतील. एकट्या लिनक्सच्या मशीनवर चालतं. पण शेजारी विंडोज असेल तर सिक्युअर बूट बदलल्याबरोबर बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर विंडोजमधला सगळा डेटा कुलपात. वरच्या यादीत ती की लिहून ठेवायला सांगितली ती यासाठी.

पायरी ६: तरीही कंपाइल कुणाला करावा लागतो

कर्नलमध्ये स्वतः बदल करणाऱ्यांना. एखादी गोष्ट जुन्या कर्नलमध्ये चालत होती आणि नव्यात बिघडली, तर 'गिट बायसेक्ट'ने नेमका कोणता बदल नडला ते शोधणाऱ्यांना. छोट्या बोर्डावर काम करणाऱ्यांना. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय असलेल्या विद्यार्थ्यांना, ज्यांच्या प्रात्यक्षिकांत नवा सिस्टिम कॉल घालणं असतं. जेंटू वापरणाऱ्यांचं नाव यात नेहमी घेतलं जातं, पण तिथेही आता तयार बांधलेला कर्नल मिळतो.

तुम्ही यांतले नसाल, पण हे आतून कसं चालतं याची मनापासून उत्सुकता असेल, तर जरूर करा. फार शिकायला मिळतं. फक्त रोजच्या मशीनवर करू नका.

पायरी ७: शिकण्यासाठी कंपाइल करायची रीत

व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हर्ट-मॅनेजरमध्ये एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत चालणारं नकली मशीन, बनवा. ४० जीबी डिस्क, निदान ४ जीबी रॅम, जितके जमतील तितके कोअर. त्यात डेबियन किंवा उबुंटू टाका आणि लगेच स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या अवस्थेची प्रत, घ्या. मशीन बूट झालं नाही तर स्नॅपशॉटवर परत या, काही बिघडत नाही.

लागणारी पॅकेजं: बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, ड्वॉर्व्ह्ज, डेबहेल्पर आणि आरसिंक.

सोर्स कर्नल.ऑर्ग वरूनच घ्या. 'लाँगटर्म' असं लिहिलेली, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती निवडा. उघडल्यावर एक जीबीहून जास्त जागा घेईल.

आता कॉन्फिगरेशन. पर्याय हजारोंनी आहेत, शून्यापासून भरायला बसू नका. बूट फोल्डरात सध्याच्या कर्नलची 'कॉन्फिग' नावाने सुरू होणारी फाइल असते. तिची प्रत सोर्सच्या फोल्डरात '.कॉन्फिग' या नावाने ठेवा, सुरुवातीचा टिंब विसरू नका. मग 'मेक ओल्डडेफकॉन्फिग'. जुन्या फाइलमध्ये नसलेल्या नव्या पर्यायांना ही आज्ञा ठरलेली उत्तरं देते.

वेळ वाचवायला 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' सांगितलं जातं. ते या क्षणी मेमरीत चढलेले मॉड्यूलच ठेवतं, बाकी सगळे गाळतं. त्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर पेनड्राइव्हचा ड्रायव्हर जातो. छपाईयंत्र, ब्लूटूथ, फोनचं टेदरिंग, सगळ्यांचं तेच. व्हर्च्युअल मशीनमध्ये हरकत नाही. खऱ्या लॅपटॉपवर ही आज्ञा दिली आणि महिन्याभराने कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं, की तो का दिसत नाही याचा पत्ताच लागत नाही.

'मेक मेन्यूकॉन्फिग' उघडा आणि तीन गोष्टी करा. पहिली, 'जनरल सेटअप'मध्ये 'लोकल व्हर्जन' या जागी डॅश देऊन आपली खूण घाला, उदाहरणार्थ '-माझा', अर्थात इंग्रजी अक्षरांत. नंतर 'यूनेम'मध्ये ती दिसते आणि कोणता कर्नल चालू आहे याचा घोळ होत नाही. दुसरी, 'कर्नल हॅकिंग'मध्ये डीबग माहिती बंद करा. चालू ठेवली तर बांधताना वीस-पंचवीस जीबी सहज जातात आणि मध्येच डिस्क भरून सगळं थांबतं. तिसरी, 'क्रिप्टोग्राफिक एपीआय'च्या तळाशी 'सर्टिफिकेट्स' आहे. तिथे डिस्ट्रोच्या प्रमाणपत्र फाइलींची नावं भरलेली असतील तर ती रिकामी करा. उबुंटूची कॉन्फिग घेतली आणि हे राहिलं, तर बरंच बांधून झाल्यावर 'कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम' बनवायचा नियम नाही असं सांगून मेक थांबतो.

मग 'मेक -जे४ बिनडेब-पीकेजी'. बिनडेबचं स्पेलिंग बी-आय-एन-डी-ई-बी, चारच्या जागी तुमचे कोअर जितके तितका आकडा. पूर्ण डिस्ट्रो-कॉन्फिग असेल तर साध्या लॅपटॉपवर तासाहून जास्त लागू शकतो. लोकलमॉडकॉन्फिगनंतर बरंच लवकर होतं. काम संपलं की एक फोल्डर वर डेब फाइली, म्हणजे डेबियन-उबुंटूची पॅकेजं, तयार दिसतील. 'लिनक्स-इमेज' आणि 'लिनक्स-हेडर्स' या दोन टाका. 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' टाकू नका, ती डिस्ट्रोचीच राहू द्या.

जुन्या लेखांत 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल' सांगितलेलं असतं. चालतं, पण त्या फाइली पॅकेज व्यवस्थेला ठाऊक नसतात, काढायच्या तर हाताने वेचाव्या लागतात. डेब पॅकेज एका आज्ञेत निघतं आणि ग्रबची, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामची, यादीही आपोआप बदलते.

पायरी ८: बूट झालं नाही तर

डिस्ट्रोचा कर्नल कधीच काढू नका. नवा चालतोय हे आठवडाभर बघितल्यावरही नको. मशीन सुरू होताना ग्रबचा मेन्यू दिसत नसेल तर यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवर एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुने कर्नल असतात, त्यातला आधीचा निवडा. डिस्ट्रोच्या अपडेटनंतर अडलं तरी हाच उपाय.

खऱ्या मशीनवर, सिक्युअर बूट चालू असताना, स्वतः बांधलेला कर्नल उठणारच नाही, कारण त्यावर सही नाही. 'बॅड शिम सिग्नेचर' असं काहीसं दिसेल. कर्नल चांगला बांधला गेलेला असतो, तो फक्त अडवलेला असतो.

बूट विभाजन वेगळं असेल, आणि डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बहुधा असतंच, तर तिथली जागा बघा. मॉड्यूलमधली डीबग माहिती न काढता बांधलेल्या कर्नलचा इनिटरॅमएफएस शेकडो एमबींचा होतो. विभाजन भरलं की पुढचं सुरक्षा अपडेट अर्ध्यावर अडकतं. 'डीएफ -एच' ने जागा तपासा, 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ने जुने निरुपयोगी कर्नल काढा.

पायरी ९: मदत मागताना काय लिहायचं

वरच्या पायऱ्या करूनही अडलात तर विचारा, बिनदिक्कत विचारा. पण प्रश्नात हे असू द्या: लॅपटॉपचं मॉडेल, डिस्ट्रो आणि आवृत्ती, 'यूनेम -आर' चं उत्तर, 'एलएसपीसीआय -एनएनके' मधल्या फक्त त्या कार्डाच्या ओळी, 'डीमेसेज' मधल्या संबंधित ओळी, सिक्युअर बूट चालू आहे की बंद, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. पडद्याचे फोनवरून काढलेले फोटो टाकू नका, मजकूर चिकटवा. फोटोतली १०ईसी:सी८२१ ही जोडी कुणी शोधून बघू शकत नाही.

आणि त्यावर कुणी उत्तर दिलं, "कर्नल कंपाइल कर", तर नम्रपणे एवढंच विचारा: "या कार्डाचा ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीत आहे, आणि ती आवृत्ती माझ्या डिस्ट्रोच्या भांडारात तयार मिळते का?"